रँक कळते, हात कळत नाही

२० सप्टेंबर २०२३ रोजी एक आदेश निघाला आणि नीट-पीजी परीक्षेची पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आली. त्या वर्षी परीक्षेला बसलेला प्रत्येक एमबीबीएस डॉक्टर, अगदी उणे गुण मिळालेलासुद्धा, एमडी-एमएसच्या प्रवेशफेरीत उभा राहायला पात्र ठरला. अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. शून्य गुणांचा सर्जन आता आपल्या पोटावर सुरी चालवणार का, असे विचारले गेले. निर्णयाच्या बाजूने सांगितले गेले ते असे: हे सगळे आधीच उत्तीर्ण झालेले, नोंदणी असलेले डॉक्टर आहेत, ही परीक्षा फक्त क्रम लावण्यासाठी आहे, आणि जागा रिकाम्या ठेवून कुणाचेच भले होत नाही. हा बचाव वरवर लंगडा वाटतो, पण तो नीट ऐकण्यासारखा आहे. परीक्षा केवळ क्रम लावत असेल, तर पुढे कोण चांगला सर्जन होईल याची हमी तिने कधी दिलीच नव्हती. शून्य पर्सेंटाइलच्या आधीही नाही. मग ती हमी कुठून यायची? प्रवेशानंतरच्या तीन वर्षांतून. आणि नेमक्या त्या तीन वर्षांबद्दल ना ओरडणाऱ्यांनी काही विचारले, ना बचाव करणाऱ्यांनी काही सांगितले. विशेषज्ञ कसा घडतो या आपल्याकडच्या सगळ्या चर्चेचा जीव प्रवेशाच्या दारात अडकलेला आहे. रँक, कोटा, जागांची संख्या, फी, बॉन्ड हे सगळे आपण पैशापैशाने मोजतो. आत गेलेल्या माणसाच्या हातांना तीन वर्षांत काय शिकवले गेले, हे मात्र कोणी मोजत नाही. रुग्णाच्या दृष्टीने मोजण्यासारखे नेमके तेच असते.

आधी वाट किती लांब आहे ते थोडक्यात पाहू. बारावीनंतर नीट-यूजी, साडेचार वर्षांचा एमबीबीएस, त्यावर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि एमडी किंवा एमएसची तीन वर्षे. नॅशनल बोर्डाचा डीएनबी हा त्याला समांतर आणि समकक्ष रस्ता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या बोर्डामुळे महाविद्यालय नसलेल्या मोठ्या रुग्णालयांतही विशेषज्ञ तयार होऊ लागले. हृदय, मेंदू, मूत्रपिंड असा एकच अवयव धरायचा असेल तर डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन वर्षे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडताना बॉन्डची एकेक वर्षाची सेवा आहे, आणि हवी ती ब्रँच मिळावी म्हणून मध्ये घेतलेले एक-दोन ‘ड्रॉप’ तर बहुतेकांच्या हिशेबात धरलेलेच असतात. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या नावाची पाटी लावते तेव्हा तिशी मागे पडलेली असते. याशिवाय मुंबईत १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या पदविका होत्या. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ पोचले त्यात या ‘सीपीएस’वाल्यांचा वाटा मोठा आहे, त्यांच्या मान्यतेवरून अलीकडे झालेली ओढाताण हा वेगळ्या लेखाचा विषय.

या लांबलचक वाटेवरचा सर्वात अरुंद टप्पा म्हणजे नीट-पीजी. साडेतीन तास, २०० प्रश्न, ८०० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. २०२४ मध्ये या परीक्षेसाठी सुमारे २ लाख २८ हजार डॉक्टरांनी नोंदणी केली होती. इतक्या मोठ्या संख्येला एकाच मापाने, वशिल्याला वाव न ठेवता रांगेत लावायचे तर बहुपर्यायी परीक्षेला आज तरी दुसरा पर्याय दिसत नाही. तोंडी परीक्षा आणि मुलाखतींच्या काळात कोणाचा मुलगा कुठे लागतो हे ठाऊक असलेल्या पिढीला तर हे पटवून द्यायची गरजच नाही. तेव्हा तक्रार परीक्षेच्या असण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती तिच्या सावलीबद्दल. इंटर्नशिपचे वर्ष हे खरे तर हातांचे वर्ष. शीर सापडणे, जखम शिवणे, नॉर्मल डिलिव्हरी करणे, लघवीची नळी घालणे, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणे या गोष्टी त्या एका वर्षात अंगवळणी पडायच्या असतात. प्रत्यक्षात तो इंटर्न वॉर्डात सही करून वाचनालयात जातो आणि मोबाइलवर क्यू-बँक, म्हणजे प्रवेशपरीक्षेचे प्रश्नसंच, सोडवत बसतो. त्याला दोष देता येत नाही. वॉर्डातल्या शंभर टाक्यांचा त्याच्या रँकवर एका गुणाचाही परिणाम होणार नसतो, आणि रँक हुकली तर पुढची तीस वर्षे हुकतात.

प्रवेशाच्या गुणांवरून पुढचा डॉक्टर कळतो का, की प्रशिक्षणावरून कळतो, हा प्रश्न अमेरिकेत आकड्यांनिशी तपासला गेला आहे. २००९ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा या दोन राज्यांत १९९२ ते २००७ या काळात झालेल्या ४९ लाख बाळंतपणांची माहिती त्यात होती. ती बाळंतपणे ४ हजारांवर प्रसूतितज्ज्ञांनी केलेली, आणि हे तज्ज्ञ १०७ वेगवेगळ्या रेसिडेन्सींमधून शिकून आलेले. संशोधकांनी डॉक्टरांची गटवारी त्यांच्या आजच्या रुग्णालयावरून न करता ते जिथे शिकले त्या जागेवरून केली. सर्वात चांगल्या पंचमांश ठिकाणी शिकलेल्यांच्या हातून मातेला मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण १०.३ टक्के निघाले, सर्वात खालच्या पंचमांशात १३.६ टक्के. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाने जास्त. या लेखाच्या दृष्टीने कळीची गोष्ट पुढेच आहे: डॉक्टरांचे परवाना परीक्षेतले गुण हिशेबात धरले तरी हा फरक फारसा बदलला नाही. हुशार विद्यार्थी चांगल्या ठिकाणी जातात म्हणून त्यांचे निकाल चांगले, एवढ्याने हा फरक उलगडत नव्हता. तीन-चार वर्षे ज्या लेबर रूममध्ये काढली तिची छाप डॉक्टरच्या हातावर पुढे वर्षानुवर्षे राहिली होती.

दुसरा अभ्यास २०१३ चा, मिशिगन राज्यातल्या वीस सर्जनांचा. लठ्ठपणासाठी दुर्बिणीतून करायची पोटाची बायपास शस्त्रक्रिया त्यांनी करायची आणि तिची एक चित्रफीत द्यायची. ती पाहणाऱ्या इतर सर्जनांना हात कोणाचे आहेत हे सांगितलेले नव्हते. त्यांनी फक्त हातांची सफाई पाहून गुण दिले. खालच्या चौथाईतल्या सर्जनांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते, वरच्या चौथाईत ५.२. हे सगळे पदवीधर, परवानाधारक, वर्षानुवर्षे काम करणारे सर्जन होते. कागदावर त्यांच्यात काहीच फरक नव्हता. म्हणजे हात मोजता येतो, आणि मोजल्यावर जे दिसते ते रुग्णाच्या अंगावर उमटणाऱ्या गोष्टीशी जुळते. हे माहीत असूनही तो मोजायचा नाही, असे आपण ठरवल्यासारखे वागतो.

आता त्या तीन वर्षांत शिरू. ‘रेसिडेंट’ हा शब्द बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून आला. १८८९ मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड या सर्जनने शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचे, वर्षागणिक जबाबदारी वाढत जायची, अशी पद्धत बसवली. (रात्रंदिवस जागून शिकण्याचा हा पायंडा पाडणारा माणूस स्वतः कोकेनच्या आहारी गेलेला होता. भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करताना लागलेले ते व्यसन. या व्यवस्थेचे गोडवे गाताना हा तपशील सहसा गाळला जातो.) त्या पद्धतीतला जागरणाचा भाग जगभर पोचला. ‘वर्षागणिक जबाबदारी वाढत जायची’ हा भाग, जो खरा गाभा होता, तो ज्याच्या त्याच्या नशिबावर राहिला.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात रात्री अडीचला होणारी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया हे त्याचे साधे उदाहरण. टेबलाभोवती तिघे. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट, जखमेच्या कडा बाजूला ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभा, त्याला जखमेच्या आतले काहीच दिसत नाही. जेआर-टू रक्त टिपतो आणि धागे कापतो. जेआर-थ्रीच्या हातात सुरी. लेक्चरर फोनवर ‘उपलब्ध’. उजव्या कुशीत छोटा छेद, स्नायू न कापता बाजूला सारायचे, मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग शोधायचा, त्यावरच्या पट्टीच्या मागाने अपेंडिक्सच्या बुडाशी पोचायचे, त्याच्या रक्तवाहिन्या बांधायच्या, बूड बांधायचे, कापायचे. पुस्तकात ही अर्ध्या पानाची गोष्ट आहे. पण अपेंडिक्स आतड्याच्या मागे दडलेले निघाले, तर छेद किती वाढवायचा? भोवती पू साचून सगळे चिकटलेले असेल, तर ओढत राहायचे की थांबायचे? आणि सर्वात महत्त्वाचे, लेक्चररला फोन नेमका केव्हा करायचा? सुरी धरणे काही महिन्यांत येते. हाक केव्हा मारायची हे कळायला शेजारी कोणीतरी जाणते उभे असावे लागते, आणि तेच माणूस अडीच वाजता घरी असते. या तिघांपैकी प्रत्येकाला तीन वर्षांत किती अपेंडिक्स हाती आली, त्यातल्या किती वेळा वरिष्ठ समोर होते, पहिल्या आणि विसाव्या खेपेत काय फरक पडला, याचे उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही रुग्णालयात जाऊन मागा. मिळणार नाही.

मिळेल ते लॉगबुक. त्यात तारीख, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेचे नाव आणि ‘पाहिली, साहाय्य केले, देखरेखीखाली केली, स्वतंत्रपणे केली’ असे रकाने असतात. कल्पना उत्तम आहे. पण ते रोजच्या रोज भरले जात नाही, परीक्षेआधीच्या आठवड्यात एकटाकी भरले जाते, आणि शिक्षकांच्या सह्या गठ्ठ्याने होतात; हे या व्यवस्थेतले उघड गुपित आहे. लॉगबुकमध्ये खोटे लिहिल्याने कोणी नापास होत नाही, तसेच खरे लिहिल्याने कोणाला जास्तीची सुरीही मिळत नाही. मग ते भरायचे कशाला, असा प्रश्न त्या पोराला पडला तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. शिवाय सुरी कोणाला द्यायची हे युनिटमधल्या वरिष्ठांच्या मर्जीवर चालते. मर्जी म्हटली की जात, गाव, बाई की पुरुष, आपल्या कॉलेजचा की बाहेरचा, हे सगळे आपसूक आत येते. नोंदच नसेल तर अन्याय झाल्याचेही सिद्ध करता येत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे की आपल्याकडे रुग्णांची कमी नाही. मुंबईच्या केईएमची किंवा पुण्याच्या ससूनची ओपीडी पाहा, परदेशातला रेसिडेंट पाच वर्षांत पाहणार नाही इतके आजार आपला जेआर-वन सहा महिन्यांत पाहतो. मोजदाद परदेशी लोकांनी करावी, आपले पोर गर्दीत तयार होते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि तेवढ्याच बळावर आपली व्यवस्था इतकी वर्षे चालली आहे. भूलशास्त्रात याला आकड्यांचा आधारही आहे: १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्वासनलिकेत नळी घालण्यात नव्वद टक्के यश यायला नवशिक्यांना सरासरी ५७ वेळा ती क्रिया करावी लागली होती. तेव्हा संख्या हवीच. पण त्या अभ्यासात प्रत्येक खेप मोजलेली होती आणि फसली की शेजारचा हात पुढे येत होता. गर्दीत शिकण्याचा धोका असा, की चुकीची गोष्टही शंभर वेळा केली की तितकीच पक्की होते. त्यातून आपल्या रेसिडेंटचा दिवस सगळा रुग्णांबरोबर जातो हेही खरे नाही. रक्ताचे नमुने स्वतः लॅबमध्ये नेऊन देणे, रिपोर्टच्या मागे लागणे, डिस्चार्ज कार्डे, पोलीस केसचे कागद, जनआरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी फोटो काढून अपलोड करणे यांत पहिले वर्ष जवळजवळ संपते. शिकाऊ डॉक्टर हा आपल्या सरकारी रुग्णालयांचा सर्वात स्वस्त कारकून आहे. त्याच्याऐवजी कारकून नेमायला पदे मंजूर करावी लागतात. तो मात्र दरवर्षी आपोआप येतो.

कामाच्या तासांचा वाद इथूनच निघतो. केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले होते की निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून अधिक काम देऊ नये आणि आठवड्याला साधारण ४८ तास असावेत. एकतीस वर्षांनी, २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत, ४८ हा आकडा नाही, ‘वाजवी तास’ एवढेच शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे ज्याने ठरवायचे तोच ड्यूटी लावतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ४८ वरून ७४ हीसुद्धा ‘सुधारणा’ वाटावी, यातच सगळे आले. जुन्या पिढीचा आक्षेप असतो की तास कमी केले तर अनुभव कमी होईल, आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो म्हणून तयार झालो. यात ते अमेरिकेतल्या २०१६ च्या एका मोठ्या चाचणीचा दाखलाही देतात. ११७ शल्यचिकित्सा प्रशिक्षण केंद्रांत काही ठिकाणी पाळीचे कडक नियम ठेवले, काही ठिकाणी ते सैल केले. रुग्णांच्या निकालात फरक आढळला नाही. दाखला खरा आहे, पण दोन्ही गटांत आठवड्याची ८० तासांची मर्यादा कायम होती, हे सांगायचे राहून जाते. ती मर्यादा न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली आली, एका अठरा वर्षांच्या मुलीचा दमलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मृत्यू झाल्यानंतर पाच वर्षांनी. त्या चाचणीवरून इतकेच म्हणता येते की ८० च्या आत पाळी अशी लावली काय आणि तशी लावली काय, फार बिघडत नाही. शंभर तासांच्या आठवड्याचे समर्थन तिच्यातून निघत नाही. आणि त्या शंभरातले तीस तास फॉर्म भरण्यात गेलेले असतील, तर ते कमी केल्याने कोणता अनुभव बुडणार?

शेवटी एमडी-एमएसची अंतिम परीक्षा. चार लेखी पेपर, त्यांतला एक मूलभूत विषयांचा आणि एक नव्या घडामोडींचा. मग प्रात्यक्षिकात एक लाँग केस, काही शॉर्ट केस आणि तोंडी. त्याआधी थिसिस मान्य व्हावा लागतो. थिसिसबद्दल थोडक्यात: संशोधनाची ओळख व्हावी म्हणून घातलेली ही अट बहुतेक ठिकाणी प्रिंटिंग-बाइंडिंगवाल्यांची सोय झाली आहे. लाँग केस मात्र जपण्यासारखी गोष्ट आहे. रुग्णाशी पाऊण तास बोलून, त्याला तपासून, मग चार परीक्षकांपुढे निदानाची मांडणी करणे यात डॉक्टरची विचार करण्याची रीत उघडी पडते. पण सर्जनची परीक्षा घेताना त्याला शस्त्रक्रिया करताना कोणी पाहत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याचा विश्वास बसत नाही. गाडी चालवण्याचा परवाना देताना निदान आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो.

आता सर्वात वजनदार आक्षेप. देशात विशेषज्ञच नाहीत, आधी ते तयार तर होऊ द्या, गुणवत्तेचे नखरे नंतर. ग्रामीण आरोग्याच्या २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके सर्जन, फिजिशियन, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत, त्यापेक्षा जवळजवळ ८० टक्के कमी होते. या आकड्यापुढे कोणीही गप्प होईल. सरकारने उत्तरही दिले: २०१४ च्या आधी देशात पदव्युत्तर जागा ३१ हजारांच्या घरात होत्या, दहा वर्षांत त्या ७० हजारांच्या पुढे गेल्या. पण जागा दुप्पट होऊनही केंद्रे रिकामीच राहतात, तेव्हा रोग जागांच्या तुटवड्याचा नसावा अशी शंका घ्यायला हवी. एकीकडे २०२१ च्या प्रवेशानंतर १,४५६ पदव्युत्तर जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या भरण्यासाठी आणखी फेरी घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये नकार दिला. दुसरीकडे शरीररचना, शरीरक्रिया अशा विषयांना विद्यार्थी फिरकत नाहीत, म्हणजे उद्याच्या एमबीबीएसला शिकवणारे शिक्षकच तयार होत नाहीत. जागा वाढल्या, शिकवणारे हात वाढले नाहीत. मेडिकल कॉलेजांच्या तपासणीत कागदावरचे शिक्षक आणि आणून बसवलेले रुग्ण दाखवले जातात, हा आरोप जुना आहे. २०२५ मध्ये सीबीआयने तपासनीस आणि अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल केल्यावर तो ठळकपणे पुढे आला. ज्या युनिटमध्ये प्राध्यापक हजेरीपुरता येतो, तिथे वाढवलेली जागा म्हणजे रिट्रॅक्टर धरायला आणखी एक माणूस.

गावांसाठी डॉक्टर हवा असेल तर उलट नेमके मोजलेले, कामापुरते शिक्षण उपयोगी पडते, याचा आपल्याच देशात दाखला आहे. भूलतज्ज्ञ नसल्यामुळे तालुक्यात सिझेरियन होत नव्हते, तेव्हा सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे भूल देण्याचे आणि सोळा आठवड्यांचे आपत्कालीन प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण सुरू केले. तज्ज्ञांपैकी अनेक जण साहजिकच साशंक होते. पण त्या योजनेची कल्पना सरळ होती: अमुक एक काम, इतक्या खेपा, इतक्या देखरेखीखाली, मग त्या कामापुरती परवानगी. ती जिथे फसली तिथे बहुधा शिकलेल्या डॉक्टरची बदली अशा जागी झाली जिथे भुलीचे यंत्रच नव्हते. २०२० मध्ये नॅशनल बोर्डाने भूलशास्त्र, बालरोग, प्रसूती अशा आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्याही याच वळणाच्या. एमडीच्या विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढायला लावणारा नियमही चांगला, पण तिथे शिकवायला कोण आहे यावर त्याचे सगळे अवलंबून. शिक्षक नसेल तर तो तीन महिन्यांचा बॉन्डच. आणि बॉन्डबद्दल बोलायचे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो वैध ठरवला, महाराष्ट्रात पदव्युत्तर पदवीसाठी दंडाची रक्कम ५० लाखांपर्यंत गेली. दंडाने डॉक्टर गावात एक वर्ष राहतो; दुसऱ्या वर्षी का राहावे, याचे उत्तर दंडात नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वात खरा वाटतो: मोजायला लागलात की कागदी घोडे नाचतील. नेदरलँड्सच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना अशी होती, की विषयाची कामे निवडा आणि ‘हे काम मी याच्यावर एकट्यावर सोपवीन का’ एवढाच प्रश्न शिक्षकाला प्रत्येक कामाबद्दल विचारा. कल्पना घरगुती शहाणपणाची आहे. गाडीच्या गॅरेजमधला मिस्त्री पोऱ्याबद्दल हेच ठरवत असतो. कॅनडाने २०१७ पासून ती देशभर लागू करायला घेतली आणि तिथले रेसिडेंट फॉर्मच्या ओझ्याखाली कुरकुरू लागले. आपल्याकडे तर विषयवार अभ्यासक्रमांच्या मथळ्यांवर ‘क्षमताधारित’ हा शब्द केव्हाच छापला गेला आहे आणि त्याने वॉर्डात काडीचाही फरक पडलेला नाही. म्हणून मी शेकडो रकान्यांच्या बाजूचा नाही. प्रत्येक विषयात आठ-दहाच कामे निवडावीत. सर्जरीत अपेंडिक्स, हर्निया, अपघातात छातीत नळी घालणे. प्रसूतिशास्त्रात सिझेरियन आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणे. मेडिसिनमध्ये अत्यवस्थ रुग्णाची पहिली वीस मिनिटे. प्रत्येक काम शिक्षकाने स्वतः उभे राहून वर्षातून तीनदा पाहावे, त्यांपैकी एकदा दुसऱ्या युनिटच्या शिक्षकाने. शस्त्रक्रियेची एक चित्रफीत बाहेरच्या महाविद्यालयात, नाव झाकून, गुण द्यायला जावी. मिशिगनमध्ये हे जमले, त्याला लागणारा कॅमेरा आज प्रत्येक दुर्बिणीच्या टोकाला असतो.

आणि ते आकडे लपवून ठेवू नयेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातली, अभिमत सोडून, बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली आहेत. कोणत्या महाविद्यालयात एका रेसिडेंटच्या वाट्याला सरासरी किती शस्त्रक्रिया येतात, त्यातल्या किती शिक्षकाच्या उपस्थितीत होतात, हे विद्यापीठ दरवर्षी मागवू शकते आणि प्रवेशफेरीच्या आधी जाहीर करू शकते. विद्यार्थ्यांना ही माहिती किती हवी आहे, ते त्यांच्या बोलण्यातूनच कळते. प्रवेशफेरी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या गटांवर सर्जरीचे इच्छुक सीनिअर्सना फी आणि बॉन्डच्याही आधी एकच गोष्ट विचारतात: तिथे कटिंग, म्हणजे स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया करायला, किती मिळतं? या प्रश्नाचे उत्तर ऐकीव गप्पांत शोधावे लागते, ते विद्यापीठाने यंदाच्या प्रवेशांपूर्वी आपल्या संकेतस्थळावर टाकावे.